सतरा तुम्हांला, सोळा तिला

मनोरी,
रविवार, ता. १७ एप्रिल १९८८

ति. सौ. शेवंतीताईस,
प्रेमाचा सा. न. वि. वि.

विशेष एवढंच की मी जिवंत आहे आणि दोन वेळा जेवते आहे. शुक्रवारी भावोजींनी मला मार्व्याच्या धक्क्यावर तरीच्या होडीत बसवलं तेव्हा त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की जणू पोरीची पाठवणी करतायत. पाच मिनिटांची खाडी गं, पण मी ओलांडताना दोनदा मागे वळून पाहिलं. नवऱ्याची स्कूटर दिसली नाही.

जागा छान आहे. पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या चार खोल्या, कौलं, मागे विहीर, पुढे माडाखाली दोन मोडकी बाकं. भावोजींच्या खात्यातल्या पीटरची ही बहीण अ‍ॅग्नेसबाई, साठीची आहे पण आवाज धक्क्यापर्यंत जातो. इथले ख्रिस्ती लोक आपल्यासारखंच मराठी बोलतात, फक्त जरा गाऊन. तिने मला काही विचारलं नाही. माझ्या कानाकडे एकदा पाहिलं, मग मला विहिरीजवळची खोली दिली आणि सांगितलं की दाराला आतून अडसर आहे. गुणाजी म्हणून एक म्हातारा आहे, तो पाहुण्यांचं सामान तरीवरून आणतो आणि दिवसभर बिड्या ओढत देवाला शिव्या घालतो.

पण ताई, इथे फार शांत आहे. लोक त्यासाठी पैसे भरून येतात म्हणे. मला सोसत नाही. घरी नवरा ओरडायचा तेव्हा मी घाबरायची नाही, निम्मा जोर ओरडण्यातच जायचा. एकदम गप्प झाला, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, की समजायचं आता सुरू. त्या मंगळवारी तसंच झालं. औषधांच्या नमुन्यांची बॅग त्याची स्वतःची, बसमध्ये विसरला तो, आणि मार मला. कुकरचं झाकण हाताशी होतं, तेच त्याने घेतलं. तिसऱ्या फटक्याला डाव्या कानातून रक्त आलं आणि शिट्टी सुरू झाली, ती तीन दिवस चालू होती. आता शिट्टीही नाही आणि काहीच नाही. त्या बाजूने कोणी हाक मारली तर मला कळत नाही.

नंतर काय केलं माहीत आहे? त्याने स्वतःच कापूस घेतला, फुकटच्या नमुन्यातलं मलम काढलं आणि फुंकर घालत कानाला लावलं. डॉक्टरांपुढे बोलतो त्याच गोड आवाजात सांगितलं की दिवसातून तीनदा लावायचं. मी तेव्हा ठरवलं. मारापेक्षा त्या फुंकरीने ठरवलं.

आईला सांग, मी बरी आहे. पपी आणि राजूचे पापे. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, सध्या दुसरीकडून येण्यासारखी नाही.

तुझी,
प्रेमा

---

विक्रोळी,
मंगळवार, ता. २६ एप्रिल १९८८

चि. सौ. प्रेमा हिस,
शेवंतीचे अनेक आशीर्वाद.

बाईसाहेब, पत्रावर गावाचं नाव ठळक अक्षरात लिहिलंत, वर नकाशा काढायचा राहिला. यापुढे वरती काही लिहू नकोस. मी पाकिटावर अ‍ॅग्नेसबाईंचंच नाव घालते. तुझी पत्रं वाचून झाली की चुलीत जातात. त्याआधी आईला वाचून दाखवते, कारण नाही दाखवलं तर ती जेवत नाही.

आता ऐक, पण घाबरू नकोस. तुझा नवरा आला होता. बुधवारी सकाळी मी कारखान्यात जायला निघाले होते, तर हा दारात, हातात हेल्मेट आणि मिठाईचा पुडा. आईच्या पाया पडला. रडला. रडण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. त्याचं म्हणणं असं की तू रागावून गेलीस, संसारात भांड्याला भांडं लागतंच. तेवढ्यात हे पाळी संपवून आले. यांनी शांतपणे सांगितलं की प्रेमा कुठे आहे ते आम्हांला माहीत आहे आणि तुला कळणार नाही. झालं. याने घड्याळ काढलं. तू मला कधी सांगितलं नव्हतंस ना गं घड्याळाचं, या पत्रातच वाचलं होतं, म्हणून मी पाहिलं आणि ओरडले. पण तोवर हेल्मेट यांच्या कपाळावर बसलं होतं. पाच टाके पडले. मग त्याने फडताळाची काच फोडली, आईची पाण्याची कळशी जिन्यावरून खाली फेकली, आणि राजू मध्ये आला तर त्याला लाथ घातली. सहा वर्षांच्या पोराला! चाळीतले चौघे धावून आले तेव्हा हा पुन्हा गोड झाला, सगळ्यांची माफी मागितली, खाली जाऊन कळशी उचलून आणली आणि आईच्या हातात दिली.

हे आता बरे आहेत. पट्टी बांधून ऐटीत फिरतात, विचारणाऱ्याला सांगतात मशीन लागलं.

आईचं काय सांगू. मी म्हटलं बघितलंस ना, तर म्हणते कळशी परत आणून दिली त्याने. तिच्या डोक्यात एकच घोळतं आहे की पुढच्या महिन्यात धोंडा आहे, तीन वर्षांनी येतो, जावयाला वाण गेलं नाही तर तुला काहीतरी होईल. मी तिला सांगितलं, व्हायचं ते कुकरच्या झाकणाने झालंय. मी तिला राजूच्या डोक्याची शपथ घातली आहे, तुझा पत्ता सांगायचा नाही.

तू तिथून हलू नकोस. माझी आठवण काढताना शिव्या कमी आणि लोभ जास्त असू दे.

तुझी ताई

---

रविवार, ता. ८ मे १९८८

ति. सौ. ताईस,
प्रेमाचा नमस्कार, गावाचं नाव गाळून.

भावोजींच्या टाक्यांचं वाचून मी विहिरीवर जाऊन बसले आणि अर्धा तास रडले. माझ्या वाटचा मार त्यांनी खाल्ला. राजूचं वाचून मात्र रडू आलं नाही, खोलीत जाऊन अडसर लावून घेतला. त्या लाथेचा जोर मला ठाऊक आहे.

बाकी इथे मजेत आहे, हे खरं लिहिते. सुट्टीचे दिवस, खोल्या भरल्या आहेत. पार्ल्याचं एक प्रोफेसर जोडपं आलं होतं, ते दोघं आठ दिवस एकमेकांशी फक्त मिठाबद्दल बोलले. एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं, ते तेवढंही बोललं नाही. स्वैपाकीण एप्रिलातच पळाली म्हणून मी चुलीपाशी गेले आणि तिथेच राहिले. बाटलीत भरून ठेवतात असा यांचा मसाला आहे, त्यात घालतात इतके पदार्थ की आईने ऐकलं तर चक्कर येईल. फुगे तळायला शिकले. ते लोक लग्नात करतात, आपल्या पुरीसारखे पण आत पोकळ.

आणि मासे. तुला आठवतं, मला बोंबील धरवत नसे. अ‍ॅग्नेसबाईने पहिल्याच दिवशी माझ्यापुढे विळी आणि हातभर लांबीची घोळ टाकली. मी म्हटलं, मला रक्त बघवत नाही. ती म्हणाली की तुझं स्वतःचं इतकी वर्षं बघितलंस ते काय सरबत होतं का. मग तिने माझा हात धरून शिकवलं. डोकं आधी, मग पोट, आतलं सगळं एका ओढीत काढायचं, हात कापता कामा नये आणि मन मध्ये आणायचं नाही. आता मी घोळ कापते. गुणाजी म्हणतो, पोरीचा हात बसला.

बाईने एकदा स्वतःहून सांगितलं. तिचा नवरा जहाजावर होता. वर्षातून दोन महिने घरी यायचा आणि दहा महिन्यांचा मार दोन महिन्यांत द्यायचा. दहा महिने ती दिवस मोजत बसायची, त्यामुळे त्याही दिवसांत तिला सुख नव्हतं. शेवटी तो परदेशी बंदरात तापाने गेला आणि ती आजपर्यंत दर रविवारी त्याच्यासाठी मेणबत्ती लावते. का लावते विचारलं तर म्हणाली, तो तिथेच राहावा म्हणून.

मुख्य गोष्ट शेवटी लिहिते. पावसाळ्यात खोल्या बंद असतात, पण तिने मला विचारलं आहे की मी कायमची राहीन का. स्वैपाकघर माझं, पगार थोडा पण जेवणखाण आणि विहिरीजवळची खोली. दिवाळीपासून दोन खोल्या वाढवायच्या म्हणते. ताई, मी हो म्हणणार आहे. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारलं की राहशील का. आत्तापर्यंत सगळ्यांनी सांगितलंच की राहा.

काल दुपारी जेवणं आटोपल्यावर मी बाकावर झोपले. दिवसाढवळ्या, उघड्यावर. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि कोणी मला मारलं नव्हतं. म्हणजे इथली शांतता आता चावत नाही.

आईला माझ्याकडून मिठी मार, ती कुरकुर करेल तरी. सगळ्यांचा जीव माझ्यावर राहो, माझा तुमच्यावर आहेच.

तुझी,
प्रेमा

---

श्री

विक्रोळी,
मंगळवार, ता. २४ मे १९८८

चि. रा. रा. जावईबापू नंदकिशोरराव यांस,
सुगंधाबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की धोंड्याचा महिना लागला आहे. घरात काहीही झाले असले तरी जावयाचे वाण चुकवू नये असे माझी आई सांगत असे. शेजारचे बाळा मिस्त्री कामाला घाटकोपरला येतात त्यांच्या हाती ताम्हन, निरांजन, धोतरजोडी आणि अनारसे पाठवत आहे. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदलले. एकही अनारसा तुपात हसून फुटला नाही, म्हणजे देवाची कृपा आहे.

अनारसे मोजून सतरा आहेत म्हणून राग मानू नये. तेहेतीस लक्ष्मीनारायणाच्या जोड्याला एका ताटात द्यायचे असतात. जोडा दोन ठिकाणी आहे म्हणून मी ताट दोन ठिकाणी वाढले. सतरा तुम्हांला, सोळा तिला. दोघांनी खाल्ले की तेहेतीस पुरे झाले, आणि देव जोडा परत एका ठिकाणी आणील.

ती कुठे आहे ते मी सांगणार नाही, मला नातवाची शपथ आहे. पण काळजी नसावी. तिच्या वाटचे सोळा आमच्या चाळीतल्या लवूने रविवारी मार्व्याच्या तरीतून सुखरूप पोचते केले, दर्या शांत होता म्हणाला. बाई ख्रिस्ती आहे पण मनाची चांगली आहे. पोरीला स्वैपाकघर दिले आहे, मासेसुद्धा कापते म्हणे. आमच्याकडे बोंबलाला हात लावत नसे. जागा लहान आहे आणि फार शांत आहे. तिचा राग तिथे निवेल.

तुम्हीही राग आवरावा. हात उचलू नये. एवढे म्हातारीचे ऐकावे. शेवंतीला हे पत्र कळवू नये.

वडिलकीच्या नात्याने चुकले माकले पोटात घालून माया ठेवावी.

सुगंधा

---

गुरुवार, ता. २ जून १९८८

ति. सौ. ताईस,
नमस्कार.

अक्षर वाकडं आहे कारण उजव्या हाताला पट्टी आहे. भावोजी सोमवारी येऊन मला बघून गेले, पण तेव्हा माझं तोंड सुजलेलं, बोलता येत नव्हतं. काय झालं ते सगळं तुला माझ्याकडून कळायला हवं. हे पत्र जाळू नकोस. आईला वाचून दाखव, एकही ओळ न गाळता.

रविवारी अकराच्या तरीने एक पाहुणा आला. अ‍ॅग्नेसबाई चर्चला निघाली होती, तिने घाईत वहीत नाव लिहून घेतलं. मधुकर, मुक्काम ठाणे. सफारी घातलेला, गोड बोलणारा. त्याने माडांचं कौतुक केलं आणि शांत जागा हवी म्हणून कोपऱ्यातली खोली मागितली. मी चुलीपाशी होते, मला दिसला नाही. गुणाजी त्याचं सामान ठेवून पुढच्या तरीवर गेला. बाकीचे पाहुणे दर्यावर होते. मग अंगणात खेळणाऱ्या शेजारच्या पोराने निरोप आणला की कोपऱ्यातल्या साहेबांना बरं नाही, ताट खोलीत हवं.

मी ताट घेऊन गेले. खोलीत कोणी नव्हतं. टेबलावर एक डबा उघडा होता, त्यात अनारसे. डब्याशेजारी घड्याळ.

ताई, मला कळलं. पण तो दाराआड डाव्या बाजूला उभा होता, आणि त्या बाजूने मला ऐकू येत नाही. त्याने दार लावलं, अडसर घातला, ते काही मी ऐकलं नाही. माझी वेणी मागे ओढली गेली तेव्हाच कळलं. ताट पडलं. त्याने माझं डोकं पलंगाच्या खांबावर आपटलं, दोनदा, आणि मला खाली बसवून गळ्यावर गुडघा ठेवला. अजिबात ओरडला नाही. हळू आवाजात सांगू लागला की तू सोळा खाल्लेस, माझ्या वाटचे सतरा मी आणलेत, तुझ्या आईने जोडा पुरा करायला सांगितला आहे. आणि एकेक अनारसा उचलून माझ्या तोंडात कोंबू लागला. मोजत होता. अनारसा कोरडा असतो गं, गिळता येत नाही. खसखस घशात, नाकात गेली. चौथ्याला माझा पुढचा दात पडला, तो दातही अनारशाबरोबर आत ढकलला. पाचव्याला मला वाटलं आता मी मरणार आणि आईच्या हातचं खाऊन मरणार.

सहाव्याच्या वेळी त्याचं बोट आत आलं तेव्हा मी चावले. चावले ते सोडलंच नाही. हाडापर्यंत दात गेले. पहिल्यांदा तो ओरडला. त्याने दुसऱ्या हाताने बुक्के मारले, डोळ्यावर, बरगड्यांवर, पण मी बोट सोडत नव्हते. तो मागे ओढत ओढत दारापर्यंत गेला आणि मीही त्याच्या हाताला लटकून गेले. तिथे अडसर माझ्या हाताला लागला. सागवानी, मनगटाएवढा जाड. मी बोट सोडलं आणि अडसर उपसला.

पहिला घाव नडगीवर बसला, तो दाराला आडवा पडला. दुसरा त्याने अडवायला हात वर केला त्या मनगटावर, आणि लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. हे दोन मी जिवाच्या भीतीने मारले. पुढचे नाही. तुला खोटं लिहिणार नाही. तो पडलेला होता, हात जोडत होता, आणि मी मारत होते. पाठीवर, खांद्यावर, जिथे तो मला मारायचा त्या त्या जागी. डोकं आधी मनात आलं होतं. अडसर वर गेलाही होता. त्या वेळी गुणाजी खिडकीतून आत पडला आणि त्याने मला मागून मिठी मारली. म्हातारा रडत होता, म्हणत होता की पोरी, ह्याच्यापायी तू तुरुंगात जाऊ नकोस, तुला उद्या फुगे तळायचे आहेत.

दर्यावर मासळी सुकत घालणाऱ्या कोळणी तोवर अंगणात आल्या होत्या. त्यांनी त्याला जाळ्याच्या दोरीने विहिरीच्या खांबाला बांधलं. त्यातल्या एकीने त्याच्या तोंडावर माशाचं पाणी ओतलं. मी नको म्हटलं नाही.

मग हवालदार आले. नवराबायकोचं भांडण म्हटल्यावर त्यांनी पेन खिशात ठेवलं. घरातलं घरात मिटवा, म्हणू लागले. त्यावर अ‍ॅग्नेसबाई चर्चच्या कपड्यांतच पुढे झाली आणि तिने वही त्यांच्या पुढ्यात आपटली. म्हणाली की हा कोणाचा नवरा ते मला माहीत नाही, माझ्या वहीत हा मधुकर आहे, ठाण्याचा, आणि ह्या परक्या माणसाने माझ्या स्वैपाकिणीला खोलीत कोंडून मारलं आहे. खोटं नाव लिहून राहणारा पाहुणा म्हटल्यावर पेन लगेच बाहेर आलं. माझा दात पडला त्याला जे कलम मिळत नव्हतं ते वहीतल्या एका नावाला मिळालं. आता दोन्ही लिहून घेतलं आहे. मनगट मोडलं म्हणून तो पोलिसांच्या पहाऱ्यात इस्पितळात आहे.

माझी एक बरगडी मोडली आहे, एक डोळा अजून उघडत नाही. जगेन.

आईला विचार, मी तिचं काय वाईट केलं होतं. मी इथे झोपायला लागले होते.

प्रेमा

---

विक्रोळी,
मंगळवार, ता. ७ जून १९८८

चि. प्रेमा हिस,
आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं सगळं वाचलं. एकही ओळ गाळली नाही. तोंडात अनारसे कोंबले तिथे मला पुढे वाचवेना, तर आईनेच सांगितलं वाच. शेवटपर्यंत ऐकलं, मग उठून मोरीत गेली आणि ओकली.

तिने मला तेव्हाच सगळं सांगितलं, पत्रात काय लिहिलं होतं तेसुद्धा. पत्ता लिहिला नाही, म्हणाली. सगळं लिहिलं आणि पत्ता लिहिला नाही! मी तिला जे बोलले ते आईला बोलायचं नसतं. यांनी मला खेचून बाहेर नेलं. पण चूक माझीही आहे. तुझी पत्रं मीच तिला वाचून दाखवली, होडी, खाडी, विळी, मासे, सगळं. चुलीत घातलं आणि वाटलं जळलं.

शनिवारी सकाळपासून आई घरात नव्हती. संध्याकाळी आली ती पिशवी घेऊन, हाताला खरचटलेलं. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणाली, प्रेमाला लिहीन. गेले तीन दिवस पाटीवर लिहिते आणि पुसते. मी विचारत नाही.

तुला हवं तितके दिवस आमच्यावर राग धर. खाली माया असली म्हणजे झालं.

तुझी ताई

---

श्री

विक्रोळी,
बुधवार, ता. १५ जून १९८८

चि. प्रेमा हिस,
तुझ्या आईचे आशीर्वाद, घेणार असशील तर.

नावाआधी सौ. लावले नाही. विसरले नाही.

काल धोंड्याचा महिना संपला. तो संपेपर्यंत मी लिहायचे थांबले होते, कारण त्या महिन्यात जे दिले ते परत घेऊ नये असे म्हणतात आणि मी परत घेतले आहे. तुझे पत्र ऐकले त्यानंतरच्या शनिवारी मी एकटी घाटकोपरला गेले. तुझी सासू दारात होती. मी सांगितले की माझे ताम्हन, निरांजन आणि धोतरजोडी द्या. तिने सगळा मजला गोळा केला. दिलेले दान परत मागणारी बाई नरकात जाते म्हणाली. मी म्हटले जाईन, तिथे माणसे ओळखीची असतील. ती म्हणाली की तुमच्या पोरीने माझ्या मुलाचा हात मोडला, तो आता बॅग कशी उचलेल. मी आत शिरले. तिने मला ढकलले, मी दाराला आपटले. देवापुढचे ताम्हन माझ्या हाताला लागले होते ते मी तिच्यावर उगारले. मारले नाही. पण प्रेमा, मी साठ वर्षांत कोणावर काही उगारले नव्हते. उगारल्यावर ती मागे सरली. इतके सोपे असेल असे मला कोणी सांगितले नव्हते.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. तू माझे काहीच वाईट केले नव्हतेस. तुझे बाबा गिरणीतून येत तेव्हा कधी हसत येत, कधी पट्टा काढत येत. तुम्ही लहान होतात, तुम्हांला गोधडीखाली घालून मी मार खाई, म्हणजे तुम्हांला दिसू नये. शेवंती तीन वर्षांची असताना त्यांनी माझा दात पाडला, तुझा पडला त्याच जागचा. त्या वर्षी धोंडा होता. मी माहेरी गेले तर माझ्या आईने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि तांदूळ भिजत घातले. तेहेतीस अनारसे केले, ताम्हनात दिवा लावला आणि मलाच त्यांना वाढायला सांगितले. मी वाढले. त्यांनी खाल्ले आणि झकास झालेत म्हणाले. मला वाटले, असेच असते. आईने जे माझ्यासाठी केले ते मी तुझ्यासाठी केले, दुसरे मला येत नव्हते. त्यात तू मरणार होतीस. हे पाटीवर चारदा पुसले पण लिहिते, कारण तूही एकही ओळ गाळू दिली नाहीस.

तू त्याला पडल्यावर मारलेस ते तू कबूल केलेस. देवापुढे मी सांगेन की ते घाव माझ्या नावावर लिही. माझे चाळीस वर्षांचे राहिले होते.

पोलिसांना साक्ष हवी असेल तर ते पत्र मी लिहिले असे सांगायला मी येईन. तुझ्या बाईने कायमचे राहा म्हटले आहे, राहा. आम्ही कोणी तुला परत जा म्हणणार नाही. कोणी म्हटलेच तर आता माझ्याकडे ताम्हन आहे.

ते ताम्हन घेऊन रविवारी मी लवूबरोबर निघते. मला पाण्याची भीती वाटते हे तुला माहीत आहे, आजवर होडीत पाय ठेवला नाही. शेवंती म्हणते पावसाळ्यात होडी डुलते, दर्या शांत होऊ दे. मी म्हटले, शांत होता तेव्हा काय झाले ते पाहिले.

ताम्हन तुझ्या स्वैपाकघरात ठेव. तीन वर्षांनी पुन्हा धोंडा येईल. जगले वाचले तर त्या चुलीवर मी तेहेतीस अनारसे करीन आणि तेहेतीसच्या तेहेतीस तुझ्या एकटीच्या ताटात वाढीन. तुला ते बघवणार नसतील तर दर्यात टाकू, दोघी मिळून.

माझ्यावर लोभ उरला असेल तर धक्क्यावर ये. नसेल तरी मी येतेच आहे.

तुझी आई,
सुगंधा